मदत हवी आहे : आईची कंबरदुखी, पट्टा सोडवायचा कसा?

कोरांटी

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आई ६३ वर्षांची, कराडला असते. दिवाळीच्या फराळात कंबर धरली (चकलीचा सोऱ्या ती अजून जमिनीवर बसूनच दाबते) ती धरलीच. पाच महिने झाले. कळ डाव्या कुल्ल्यापर्यंत येते, पायात उतरत नाही. एमआरआयमध्ये खालच्या दोन मणक्यांत डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी फुगलेली), शिवाय 'डिजनरेटिव्ह' (झीज) वगैरे लिहिलंय. कराडला सांगितलं, "गादी सरकलीय. वाकायचं नाही, उचलायचं नाही, मांडी घालायची नाही." मग एकवीस दिवस शेक, करंट, अल्ट्रासाउंड आणि कमरेला वजन. वर पट्टा. तो आता अंगाचा भागच झालाय, फक्त झोपताना निघतो. पहाटे स्वयंपाकघरातून आधी वेल्क्रोचा चर्रर्र आवाज येतो, मग लायटरचा.

मशीनवर आहे तोवर बरं वाटायचं. घरी येऊन जिना चढला की पुन्हा तेच.

गेल्या आठवड्यात तिला पुण्याला माझ्याकडे आणलं. इथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पाऊण तास नुसतं बोलून घेतलं, पाय-बिय तपासले, मशीन एकही नाही. खुर्चीतून दहा वेळा उठबस करायला लावली आणि मग खाली ठेवलेला पाच लिटरचा पाण्याचा कॅन उचलायला सांगितला! आईने माझ्याकडे असं बघितलं, की मी तिला कसायाच्या दारात उभं केलंय. रिक्षात म्हणाली, "आठशे रुपये घेतले आणि साधा शेक दिला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर जास्त दुखली. पट्टा परत चढला. आता तिचं म्हणणं, "बघ, मी सांगत होते." खरं कोणाचं मानायचं? आणि व्यायामाने दुखलं तर ते चालतं का?

गवतीचहा

आमच्या बाबांना असाच पट्टा होता. आठ वर्षं. आता तो कपाटाच्या तुटक्या दाराला बांधलाय, तिथे खरंच उपयोगी आहे. बाकी जाणकार सांगतीलच.

पायवाट

मी फिजिओथेरपीच्याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पण त्याआधी एक. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर ही चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं, हेही डॉक्टरांना दाखवायचं. आणि ६३ वय आहे, हाडांची घनता कधी तपासली नसेल तर त्याबद्दलही विचारा.

आता रिपोर्ट. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र मांडले गेले. साठीच्या वयात ६९ टक्के लोकांना डिस्क बल्ज आणि ८८ टक्के लोकांना झीज होती. दुखत नसताना! म्हणजे आईंच्या वयाच्या दहा बायकांचा एमआरआय काढला, तर सहा-सात जणींची 'गादी सरकलेली' निघेल आणि त्यातल्या कितीतरी त्या दिवशी पापड लाटून आलेल्या असतील. मणक्यांचे पांढरे केसच म्हणा ना. रिपोर्ट खोटा नाही. तो वाचून घातलेली भीती चुकीची.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ज्येष्ठांसह. पट्टे, ट्रॅक्शन (म्हणजे ते कमरेला वजन लावणं), उपचाराचा अल्ट्रासाउंड यांचा सरसकट वापर करू नये, असं त्यात आहे. व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं याला पाठिंबा आहे. मसाज आणि मणक्याचं मॅनिप्युलेशन (हाताने दाब देऊन मणके हलवणं) हेही चालणाऱ्या यादीत आहे, त्यामुळे 'हात लावून उपचार म्हणजे कालबाह्य' असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका.

दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याबद्दल. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं आणि चोवीस तासांत मूळपदावर आलं, तर चालतं. त्यापुढे रेंगाळलं तर व्यायाम थांबवायचा नाही, अर्धा करायचा. (हा हिशेब टाचेमागच्या शिरेच्या दुखण्यावरच्या स्वीडिश संशोधनातला, कंबरेला आम्ही अदमासे लावतो.) पाच महिने न वाकलेल्या बाईला पहिल्याच दिवशी पाच लिटर जरा जास्तच. त्या मुलीची दिशा बरोबर आहे, माप चुकलं. तिला तसं सांगा, ती बदलेल.

सातबारा

म्हणजे इतकी वर्षं लोकांना करंटने बरं वाटलं ते काय खोटं? माझी कंबर दहा दिवसांच्या शेकाने सुटली होती.

पायवाट

सातबारा, बरं वाटलं ते खरंच. पण ताजी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्या काळात जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. गरम पिशवी घरी घ्या की, कुणी नाही म्हणत नाही. आणि उघडच सांगतो, मशीनला एका वेळी चार पेशंट जोडता येतात, व्यायाम शिकवताना एकच. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच केलं.

कोरांटी, पट्टा एकदम ओढून काढू नका. आधी चहा-पेपरच्या वेळेपुरता, मग पूजेच्या. आणि त्यांना नक्की काय करता यायला हवंय, ते विचारा. व्यायाम तिथून काढायचा.

चालणं मात्र सुरू ठेवा. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवरचा एक प्रयोग २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. नुकतीच कंबर बरी झालेल्यांना फिजिओच्या मदतीने हळूहळू चालायची सवय लावली. अशी सवय न लावलेल्यांपैकी निम्म्यांचं दुखणं ११२ दिवसांत परतलं, यांच्यात त्याला २०८ दिवस लागले. ते बरे झालेले लोक होते, आईंना अजून दुखतंय, हा फरक लक्षात ठेवा.

कोरांटी

तीन आठवड्यांनी लिहितेय. विचारलं, तर म्हणाली, "उंबऱ्यावर रांगोळी." फिजिओला सांगितलं. तिने आधी टेबलावर, मग स्टुलावर, मग पाटावर, अशी रांगोळी काढायची पाटी खाली खाली आणली. कॅनऐवजी अर्धी कळशी. परवा आईने खाली वाकून चार ठिपक्यांची काढली. दुखलं, पण संध्याकाळपर्यंत गेलं. पट्टा दाराच्या खुंटीला असतो, बाहेर निघताना अजून लागतोच. शेजारणीला मात्र सांगत होती, "मशीन नाही काही नाही, नुसतं काम करून घेतात."

आता रविवारी एसटीने कराडला जायचंय. चार तास बसायला चालेल का?

पायवाट

चालेल. कडेची सीट घ्या, मधेमधे उभं राहू दे, आणि साताऱ्याला गाडी थांबली की खाली उतरवा. चहा खिडकीतून मागवायचा नाही.