प्लुरसी: दाह, शोथ की सूज?

चैत्रपालवी:
रुग्णांना वाटायच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय, विषय प्लुरसी. मी 'फुप्फुसाच्या आवरणाचा दाह' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी 'दाह' खोडून 'शोथ' केलं आणि समासात शेरा मारला, "दाह म्हणजे आग. या दुखण्यात आग होत नाही." आता 'फुप्फुसावरणशोथ' हा शब्द ओपीडीच्या रांगेत बसलेल्या माणसानं कसा वाचायचा?

कृष्णाकाठ:
बाईंचं बरोबर आहे. संधिशोथ, यकृतशोथ, हृदयावरणशोथ असं एक कुळच तयार झालंय. एक प्रत्यय कळला की दहा आजार कळतात. 'दाह' लघवीला होतो, पायाच्या तळव्यांना होतो.

माणदेशी:
शोथ आमच्याकडं कुणाच्या तोंडी नाही. सूज म्हणा की! आजोबांना हा आजार झाला तेव्हा गावानं 'उसण भरलीय' म्हणून तेल चोळलं, शेक दिला. खोल श्वास घेतला, खोकला किंवा शिंक आली की कुशीत कळ मारायची. पुढं कळ थांबली म्हणून घरचे निवांत झाले आणि त्यांना धाप लागायला लागली. तालुक्याला नेल्यावर कळलं, छातीत पाणी झालंय. पत्रकात 'छातीत पाणी' असंच लिहा, सगळ्यांना कळेल.

प्राणवायू:
डॉक्टर म्हणून सांगतो, ते लिहू नका. फुप्फुसावर दोन पापुद्रे असतात, मधे थोडासा ओलावा. सुजले की ते एकमेकांवर घासतात. स्टेथोस्कोपमधून कोऱ्या वहाणांसारखी करकर ऐकू येते. दुखण्याची जाणीव फक्त बाहेरच्या पापुद्र्याला असते. मधे पाणी साठलं की घासणं थांबतं, म्हणून कळ जाते. आजार जात नाही. माणदेशींच्या घरी हेच झालं असणार. उलट हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर झालं तर आवरण न सुजताही छातीत पाणी होतं. दोन्ही एक नव्हेत.

चैत्रपालवी:
हे पत्रकात घेतेच. पण शीर्षकाचं काय?

मूळशब्द:
'प्लुरा' हा ग्रीक शब्द, अर्थ बरगडी किंवा कूस. आपल्याकडे 'पर्शु' म्हणजे बरगडी, त्यावरून पार्श्व. म्हणजे 'पार्श्वशूल' हा तयार शब्द आहे! चरकाने राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, लक्षणांत खांदे आणि पार्श्व दुखणं सांगितलंय. आपली 'फासळी'सुद्धा त्याच घरातली असावी असं मला वाटतं.

प्राणवायू:
खांद्याचं निरीक्षण पक्कं आहे. श्वासपटलाला लागून असलेला भाग सुजला की कळ खांद्यात जाणवते, आणि लोक खांद्यालाच मलम लावत बसतात. क्षयाचंही खरं. प्लुरसी विषाणूंनी होते, न्यूमोनियातून होते, आमवातात, ल्युपसमध्ये (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) होते, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी होते. पण आपल्याकडे एका बाजूला पाणी, संध्याकाळचा ताप, कोरडा खोकला आणि वजन उतरणं असं दिसलं की आम्ही आधी टीबी शोधतो. थुंकीत जंतू सापडले नाहीत म्हणून टीबी नाही असं ठरत नाही. सुईनं काढलेलं पाणी तपासावं लागतं. हे ठळक छापा, शीर्षक काहीही ठेवा.

माणदेशी:
पार्श्वशूल म्हटलं की आमची माणसं बुडाचं दुखणं समजतील. 'पार्श्वभाग' मराठीत कशाला म्हणतात?

मूळशब्द:
पार्श्वगायिका बुडाशी उभी राहून गाते का? लोकांनी अर्थ बिघडवला म्हणून मूळ शब्द टाकून द्यायचा हे मला मान्य नाही.

कृष्णाकाठ:
पार्श्वभूमी, पार्श्वसंगीत, सगळीकडे मराठीत 'मागचं' असाच अर्थ रुळलाय. शब्द वापरणाऱ्यांचा असतो. तरी शोथ नको म्हणणाऱ्यांनी सांगावं, मुका मार लागून आलेली सूज आणि ही सूज वेगळी कशी दाखवायची? आणि हो, कुणी 'फुफ्फुस' लिहू नका. संस्कृतात फुप्फुस आहे.

माणदेशी:
शाळेत आम्ही फुफ्फुसच शिकलो.

वर्धेकर:
मघाच्या 'उसण'बद्दल. आमच्याकडे उसण भरते ती कमरेत. बरगडीत निघते ती चमक.

माणदेशी:
आमच्याकडं कमरेतही चमकच भरते. श्वासागणिक टोचतं तीच उसण, म्हातारी माणसं तसंच म्हणायची.

वर्धेकर:
मग लचक कशाला म्हणता तुम्ही?