काबूलच्या संसद भवनातून काय साधलं?

कृष्णाकाठ:
राज्यसेवेच्या मुलाखतीची तयारी करतोय. परवा सराव मुलाखतीत विचारलं, "भारताने काबूलला संसद भवन बांधून दिलं, त्यातून काय साधलं?" मी म्हणालो, "काहीच नाही, २०२१ मध्ये तालिबान आले." सरांनी नुसतं बघितलं आणि पुढचा प्रश्न घेतला. तेव्हापासून चुटपुट लागलीय. बाहेरच्या पैशाने लोकशाही, मानवी हक्क रुजतात का? तिथल्या माणसांशी संबंध आलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.

वाचनवेडी_पुणे:
मी पुण्यात राज्यशास्त्र शिकवायचे. वर्गात शिष्यवृत्तीवर आलेली अफगाण मुलं असायची. त्यातल्या हेरातच्या एका मुलीमुळे मला हा विषय कळला.

२००५ च्या संसद निवडणुकीबद्दल बोलत होतो. तिथे एका प्रांतातून अनेक जण निवडून द्यायचे, पण मतदाराला मत एकच आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही. काबूल प्रांतात ३३ जागांना जवळपास चारशे उमेदवार! मतपत्रिका म्हणजे वर्तमानपत्रच. वर्गात हशा पिकला. ती मात्र गंभीर होती. "आजीला वाचता येत नव्हतं, मॅडम. ती चिन्ह शोधत एकेक पान उलटत राहिली. पण मत तिने स्वतः दिलं." २४९ पैकी ६८ जागा बायकांसाठी राखीव होत्या. हे त्या मदतीमुळे घडलं, आणि मी ते कधीच कमी लेखणार नाही.

बिनसलं ते पैशाच्या वाटेत. सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून यायचा. आपल्या ग्रामसभेत माणूस सरपंचाला ठणकावतो, "घरपट्टी भरतो मी, गटार का तुंबलंय?" असं ठणकावायला तिथल्या माणसाच्या हाती काही उरलंच नाही. मंत्री हिशेब देणार तो देणगीदार देशांना. २००९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गैरप्रकारांमुळे दहा लाखांहून जास्त मतं बाद झाली. २०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालाचा तंटा मिटवायला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी काबूलला गेले. रांगेत उभ्या राहिलेल्या आजीने यातून काय समजायचं?

संसद भवनाला मी नावं ठेवणार नाही. जून २०१५ मध्ये अधिवेशन चालू असताना जुन्या संसदेवर हल्ला झाला, डिसेंबरात नव्या इमारतीचं उद्घाटन. खासदारांना सुरक्षित जागा हवीच होती. पण पक्ष उभे राहिले नाहीत, म्हणून आत बसलेला प्रत्येक जण सुटाच राहिला.

टँकरग्रस्त:
मॅडम, आदर ठेवून बोलतो. आमच्या गावाला एप्रिल लागला की टँकर. आणि आपण तिकडे तीन अब्ज डॉलर दिले. आमच्या आईला हे कसं समजावू?

वाचनवेडी_पुणे:
दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण ते सगळे पैसे संसदेवर किंवा निवडणुकांवर गेले नाहीत. रस्ते झाले, शाळा झाल्या, हेरात प्रांतात सलमा धरण झालं, २०१६ मध्ये. ते पाणी कोणाचंही राज्य आलं तरी शेताला मिळतं. आईंना आधी ते सांगा, पाण्याची किंमत त्यांना कळेल.

माझा राग वेगळा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द झाले. सुट्टीत घरी गेलेले माझे दोन विद्यार्थी परत येऊ शकले नाहीत. त्यांच्या वह्या कितीतरी दिवस माझ्या कपाटात होत्या. हक्कांसाठी मदत करतो म्हणणाऱ्या कुठल्याही देशाने निदान तेव्हा तरी दार उघडं ठेवायला हवं होतं.

कृष्णाकाठ:
आणि ती हेरातची मुलगी?

वाचनवेडी_पुणे:
ती भारतातच आहे. तिची धाकटी बहीण तिकडे दुसऱ्या वर्षाला होती, डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठं बंद झाली. आता मी फोनवर धडे रेकॉर्ड करून पाठवते. इंग्रजीत बोलते, मोठी फारसीत समजावते. गेल्या आठवड्यात आपली ७३वी घटनादुरुस्ती घेतली, गावच्या पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी. धाकटीने विचारलंय, सरपंचबाईंचा नवराच कारभार बघत असेल तर काय करायचं? रविवारी त्यावर बोलायचंय, दोन-तीन गावांतल्या बायकांना फोन करून ठेवलेत.