शातो मुसारची बाटली आलीये घरी, कशी उघडू आणि कशाबरोबर पिऊ?

वऱ्हाडी_इन_रेडिंग:
मंडळी जरा मदत हवीये. ऑफिसातला एक लेबनीज मित्र नोकरी सोडून चाललाय, त्याने जाताना शातो मुसारची रेड वाईन हातात ठेवली, २०१७ ची. म्हणाला आमच्याकडची सगळ्यात नावाजलेली, होशार कुटुंबाची, घाईत पिऊ नकोस. मी आजवर नाशिकची शिराझ आणि इथल्या सुपरमार्केटातली मालबेक एवढंच प्यायलोय. शनिवारी चार जण जेवायला येतायत, मटण करणार आहे. आधी किती वेळ उघडून ठेवायची? तळाशी काहीतरी काळसर बसलेलं दिसतंय ते ठीक आहे ना?

बेळगावची_लेक:
अरे वा, नशीबवान आहात दादा! तळाचा गाळ अगदी नॉर्मल आहे, ही वाईन गाळत नाहीत. शुक्रवारीच बाटली उभी करून ठेवा म्हणजे सगळा गाळ खाली बसेल, मग शनिवारी हळूहळू डिकँटरमध्ये, म्हणजे वाईन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात ओता, ते नसेल तर काचेचा जग चालतो, आणि मानेपाशी गाळ दिसायला लागला की थांबा. पाहुणे यायच्या दोन-तीन तास आधी ओतलीत तरी चालेल. फ्रिजमधली गार नको पण हीटरशेजारची कोमटही नको, १७-१८ डिग्री बास.

आणि एक आधीच सांगते, पहिला वास घेतल्यावर दचकू नका. नेलपॉलिशसारखी, किंचित व्हिनेगरची झाक येते. त्याला व्होलाटाइल ॲसिडिटी म्हणतात आणि मुसारमध्ये ती थोडी असतेच, त्यांचे चाहते तर त्यासाठीच जीव टाकतात. बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, द्राक्षावरच्या यीस्टनेच आंबवतात, त्यामुळे दर वर्षीची वाईन वेगळी लागते. कॅबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यान अशी तीन द्राक्षं, साधारण सारख्या वाट्याने. कॅबर्नेचा कणा, सँसोचा सुगंध आणि कारिन्यानचा आंबटपणा. आधी सिमेंटच्या टाक्यांत आंबवतात, मग वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपात, मग तिन्ही एकत्र करून बाटलीत भरतात आणि बाटल्याही वर्षानुवर्षं तळघरात पडून असतात. सातव्या वर्षी बाजारात येते. तुमची २०१७ ची म्हणजे ती २०२४ मध्ये बाहेर पडलेली.

निफाडचा_बागायतदार:
मी वाईन फारशी पीत नाही पण द्राक्षाचं आहे म्हणून लिहितो. यांच्या बागा लेबनॉनच्या बेका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर, दोन डोंगररांगांच्या मधे, आणि वाईनरी डोंगरापलीकडे बैरुतच्या उत्तरेला गझीरला. म्हणजे काढलेला माल रोज ट्रकमधून डोंगर ओलांडून न्यायचा. आमच्याकडे वाईनच्या द्राक्षाची काढणी पहाटे करतात, ऊन चढायच्या आत माल वाईनरीत पोचवायची धडपड असते, कारण तापलेलं द्राक्ष वाटेतच आंबायला लागतं. आणि यांनी १९७५ ते १९९० चं यादवी युद्ध चालू असताना हे केलं! त्यातल्या १९७६ ला वाईनच झाली नाही. १९८४ ला ट्रक रस्त्यातच अडकले, द्राक्षं पोचेपर्यंत आंबायला लागली होती, ती वाईन बाजारात आणलीच नाही. बाकी वर्षांची काढणी त्यांनी पार पाडली. एका हंगामाचा माल गेला की शेतकऱ्याचं काय होतं ते मला माहितीय, त्यामुळे या घराबद्दल मला फार आदर आहे. आणि आपल्यासारख्या मांडवावर नाहीत वेली, जुन्या वेली झुडपासारख्या जमिनीलगत वाढतात, आणि काढणी आपल्या उलट, ऑगस्ट-सप्टेंबरला, आपली जानेवारी ते मार्च.

सांजवारा:
ताईंचं बाकी सगळं पटलं, फक्त तीन तास आधी सगळी ओतून ठेवायला माझा विरोध. अर्धी ओता, अर्धी बाटलीतच ठेवा आणि संध्याकाळभर दोन्ही चाखत बसा, ही वाईन ग्लासात तासातासाला बदलते आणि तेच तर बघायचं असतं.

घराण्याचं थोडं सांगतो. १९३० मध्ये गास्तों होशार यांनी गझीरच्या जुन्या गढीत ही वाईनरी सुरू केली. १९५९ पासून त्यांचा मुलगा सर्ज वाईन बनवायला लागला, धाकटा भाऊ रोनाल्डने धंदा सांभाळला. युद्धात देशातलं गिऱ्हाईक संपलं तेव्हा सर्ज बाटल्या घेऊन इंग्लंडला आले, १९७९ च्या ब्रिस्टलच्या वाईन मेळ्यात नावाजलेले वाईन समीक्षक मायकेल ब्रॉडबेंट यांनी उचलून धरलं आणि नाव झालं. १९८४ ला डिकँटर या वाईनच्या मासिकाने पहिला मॅन ऑफ द इयर सन्मान त्यांनाच दिला. २०१४ च्या शेवटच्या दिवशी ते गेले, आता पुढची पिढी बघते.

मटण करा पण सावजी नको भाऊ, कळकळीने सांगतो. तिखटाने जीभ भाजली की वाईन नुसती तुरट आणि कडक लागते. धने, दालचिनी, भाजलेला कांदा घालून मंद आचेवर शिजवलेलं सुकं मटण करा.

वऱ्हाडी_इन_रेडिंग:
झाली शनिवारची पार्टी! बूच मोडेल म्हणून भीती होती पण सावकाश ओढलं, सलग निघालं. रंग बघून आधी वाटलं पातळ आहे की काय, मालबेकसारखा जांभळा-काळा नाही, विटकरी लाल आणि कडेला नारिंगी छटा. नेलपॉलिशचा वास आला खरा, पण दहा मिनिटांत मागे सरला आणि सुकी चेरी, अंजीर, चामडं, थोडी लवंग असं एकेक यायला लागलं. आंबटपणा भरपूर, तोंडाला पाणी सुटतं, म्हणून मटणाच्या चरबीबरोबर इतकी मस्त लागली. अर्धी काचेच्या जगमध्ये, अर्धी बाटलीत हा प्रयोगही केला. जगमधली आधी मऊ झाली, पण नऊनंतर बाटलीतली जास्त सुगंधी लागली, चौघांचंही हेच मत पडलं. बायकोला मात्र शिराझच आवडते. आता अजून एक विकत घेऊन ठेवावी म्हणतोय, टिकेल का?

बेळगावची_लेक:
टिकेल म्हणजे काय, वीस-तीस वर्षंही टिकते नीट ठेवली तर. आडवी ठेवा, अंधारात, किचनच्या कपाटात अजिबात नको. आणि जमलं तर एकाच वर्षाच्या दोन घ्या, एक पाच वर्षांनी उघडा.