मदत हवी आहे : एएनए पॉझिटिव्ह आलंय, लिव्हर बायोप्सी लागतेच का?
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण, वय ३४. एसजीपीटी (रक्तातलं लिव्हरचं एन्झाइम) बरेच महिने वाढलेलंच आहे. हिपॅटायटिस बी-सी निगेटिव्ह, दारूचा प्रश्नच नाही. आता एएनए १:३२० आणि एएसएमए (दोन्ही स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या अँटिबॉडीज) पॉझिटिव्ह, आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीजचा एक प्रकार) वाढलेलं, एएमए (तशीच आणखी एक अँटिबॉडी) निगेटिव्ह. डॉक्टरांचा कल ऑटोइम्यून हिपॅटायटिसकडे (आपली प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार) आहे. पण एएनए धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतं, म्हणून बायोप्सी (सुईनं लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणं) सुचवलीय. आई तर सुईच्या नावानंच हबकलीय.

शिवाय तिचं पोट सारखं बिघडतं. त्यासाठी सीलिॲकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी टेस्ट सांगितलीय, सोबत टोटल आयजीए (त्या प्रकारच्या अँटिबॉडीजचं एकूण प्रमाण), कारण आयजीएच कमी असेल तर टीटीजी खोटं निगेटिव्ह येतं. घोळ असा, की शेजारच्या काकूंच्या सल्ल्यानं बाईसाहेबांनी कधीच पोळी सोडलीय, फक्त भाकरी. गहू बंद असला तर ही टेस्ट फसते ना? तुमच्याकडे कुणाला टेस्टआधी परत पोळी सुरू करायला सांगितलं होतं का, आणि किती दिवस? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली आहे.

बायोप्सी झालेल्यांनी जरूर लिहा : कितपत दुखतं, किती वेळ झोपवून ठेवतात, कामावर कधी जाता येतं? काढे-चूर्णं मात्र सुचवू नका, लिव्हर आधीच वैतागलंय.