मदत हवी आहे : गोल बरोबरीत, तरी तिसरा सामना कशासाठी?

शिट्टीवाला : आमच्या वाचनालयाच्या प्रश्नमंजूषेचा निकाल मला आज रात्री नऊच्या आत लावायचा आहे आणि एका प्रश्नावर सगळे अडले आहे. फुटबॉलच्या त्या आंतरखंडीय चषकात दोन सामने होऊनही तिसरा का खेळवावा लागला, असा प्रश्न मी काढला होता आणि ‘एकूण गोल सारखे झाले म्हणून’ हे उत्तर धरले होते. एका संघाने मात्र उत्तरपत्रिकेवर ‘परक्या मैदानावरचा गोल’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत आणि माझेच उत्तर चुकीचे असल्याची हरकत घेतली आहे. कृपया लवकर सांगा.

मधली फळी : वर्ष कोणते आणि क्लब कोणते, हे आपण लिहिलेलेच नाही. युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्या क्लबांची ही लढत १९६१, १९६३, १९६४ आणि १९६७ अशी चार वेळा तिसऱ्या सामन्यापर्यंत गेली होती.

जुना गोलरक्षक : दोन-दोन सामन्यांची ही पद्धतच मुळात भांडणाची होती. १९८० च्या चषकापासून टोकियोत एकच सामना होऊ लागला, तेव्हा कुठे सुटका झाली. १९८१ मध्ये झिकोच्या फ्लामेंगोने लिव्हरपूलला तिथेच ३-० असे हरवले. माझ्या मते प्रश्न काढायचा तर त्या सामन्यावर काढावा.

शिट्टीवाला : प्रश्न काढून, विचारून झाला आहे, साहेब. सामना अर्थातच स्कॉटलंडचा सेल्टिक आणि अर्जेंटिनाचा रेसिंग यांचा, १९६७ चा.

पंचकाका मडगाव : मग हरकत योग्य आहे. ग्लासगोत सेल्टिक १-० ने जिंकले आणि अर्जेंटिनात रेसिंग २-१ ने. म्हणजे परक्या मैदानावर गोल केला तो फक्त सेल्टिकने. एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकतो, हा नियम युरोपात १९६५ पासून २०२१ पर्यंत होता, तेव्हा चषक सेल्टिकलाच मिळायला हवा होता. पुढे माँटेव्हिडिओतल्या तिसऱ्या सामन्यात सहा जणांना लाल कार्ड दाखवावे लागले, ते सगळे टळले असते.

मधली फळी : काका, लाल कार्ड १९७० च्या विश्वचषकात आले, १९६७ मध्ये पंच खेळाडूला तोंडानेच बाहेर जायला सांगत, आणि सेल्टिकचा बर्टी ऑल्ड तर सांगूनही गेला नाही. आपण म्हणता तो नियम युरोपच्या चषकविजेत्या क्लबांच्या स्पर्धेत १९६५-६६ मध्ये आला होता, पण आंतरखंडीय चषकाला तो लागू नव्हता.

पंचकाका मडगाव : कार्डाचे मान्य. परंतु दुसऱ्या सामन्याआधीच सेल्टिकचा गोलरक्षक सिम्पसन याच्या डोक्यात प्रेक्षकांतून काहीतरी येऊन लागले आणि बदली गोलरक्षक उतरवावा लागला, हेही विचारात घ्या.

मधली फळी : ते घडले, पण प्रश्न नियमाचा आहे. त्या काळी या चषकात गोलांची बेरीज धरतच नसत. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, आणि गुण सारखे झाले की तिसरा सामना. १९६१ पाहा. लिस्बनमध्ये बेन्फिका १-० ने जिंकले, मग माँटेव्हिडिओत पेन्यारोलने त्यांना ५-० असे हरवले. गोलांची बेरीज ५-१ होऊनही दोनच दिवसांनी त्याच शहरात तिसरा सामना झाला आणि पेन्यारोलने तो २-१ ने जिंकला. याउलट १९६९ मध्ये मिलानने एस्तुदियांतेसवर ३-० असा विजय मिळवला, परतीचा सामना २-१ ने गमावला आणि तरी चषक त्यांनाच मिळाला, कारण तोवर बेरीज धरू लागले होते. शिट्टीवाले, आपले उत्तरही चुकले आणि हरकत घेणाऱ्यांचेही.

जुना गोलरक्षक : १९७१ मध्ये तर अयाक्स या मारामाऱ्यांना कंटाळून खेळायलाच गेले नाहीत, आणि १९७३ मध्येही गेले नाहीत. त्यांच्या जागी आधी पानाथिनाइकोस खेळले आणि नंतर युव्हेंटस.

शिट्टीवाला : मधली फळी, १९६१ च्या उदाहरणाने माझी शंका फिटली. आता अडचण वेगळीच आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाने ‘दोघांचे दोन-दोन गुण झाले’ असे लिहिले होते आणि त्यांनी गोलांना चुकून गुण म्हटले असावे, असे समजून मी त्यावर फुली मारली होती. ती खोडून पूर्ण गुण दिले तर तेच पहिले येतात. चषक अजून माझ्या कपाटात आहे, एवढे तरी बरे झाले.