खाडी बचाव समितीचं सगळं व्हॉट्सअॅपवर चाललंय, हे कितपत बरं?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीला लागून. रात्रीचा सक्शन पंपाने वाळू उपसा चालतो, त्याविरुद्ध वाड्यावाड्यांची मिळून समिती आहे, खरं म्हणजे खाडीतले मुळे (शिंपले) काढणाऱ्या बायकांनी सुरू केलेली. आता झालंय असं की मुंबईच्या चाकरमान्यांनी ग्रुप काढला आणि सगळं तिथेच ठरतं, बैठक होतच नाही, आणि परवा कोणीतरी गूगल फॉर्म टाकला की विरोध असणाऱ्यांनी नाव, वाडी, मोबाइल, होडीचा नंबर आणि आधारचा फोटो भरा, निवेदनाला जोडायचाय. लोक धडाधड भरतायत. माझ्या मनात पाल चुकचुकली. ग्रुपमध्ये कोण कोण आहे तेच धड माहीत नाही, डंपरवाल्याचा भाचापण असेल! शिवाय अॅडमिन तात्यांना कोणीतरी सांगितलंय की कुणी काहीही टाकलं तरी पोलिस तुम्हालाच धरणार, ते बिचारे ग्रुप बंद करायला निघालेत. मी उगाच घाबरतोय का?

वाशिष्ठीवाला
उगाच नाही. फॉर्म आधी बंद करायला लावा. सरकार फोन ऐकतं का यावर आपण तासन्‌तास बोलतो पण गावात खरी भीती त्याच्या कितीतरी आधीची आहे, विरोध करणाऱ्यांची यादी आपणच आयती बनवून ठेवतो. ती यादी समितीची नसते, ज्याने फॉर्म बनवला त्याच्या खात्यात असते. उद्या त्याचं ठेकेदाराशी जमलं किंवा नुसता पासवर्ड गेला की कुणाची होडी, कोणती वाडी, कुणावर दबाव टाकायचा, सगळं एका शीटमध्ये. निवेदनाला आधार कशाला हवंय? नाव, गाव, सही नाहीतर अंगठा, कागदावर घ्या आणि कचेरीतून पोच घ्या.
मेसेज एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाहीत, हे खरं, पण आतलाच माणूस स्क्रीनशॉट काढत असेल तर एन्क्रिप्शन काय करणार. ड्राइव्हवर जाणारा चॅट बॅकअपही वेगळं सेटिंग चालू केल्याशिवाय तसा एन्क्रिप्टेड राहत नाही. आणि ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, बायकांचेपण.

कोर्टाची पायरी
तात्यांना सांगा, निवांत राहा. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या पोस्टसाठी, दोघांचा मिळून तसा बेत असल्याशिवाय, अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही.
पण कायद्याचा दट्ट्या कुठून येईल सांगता येत नाही हेही तितकंच खरं. २०२० मध्ये प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते तपासायच्या नियमांच्या नव्या मसुद्याविरुद्ध तरुणांनी मंत्र्यांना ईमेल पाठवायची मोहीम काढली, तर दिल्ली पोलिसांनी त्यांची वेबसाइट बंद पाडायला नोटीस काढली, चक्क यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावून. मग म्हणाले चुकून गेली. तोवर साइट बंद पडलेली.
आणि गंमत बघा, २०२३ च्या डेटा कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८ बदललं. आधी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागेल असं तिथेच लिहिलेलं होतं, ते गेलं. म्हणजे ठेकेदाराची माहिती मागितली तर वैयक्तिक म्हणून नाकारायला आणखी सोपं, आणि आपल्या बायाबापड्यांचं आधार गूगल शीटमध्ये उघडं. जनहित मोठं ठरलं तर माहिती देता येते असं म्हणणारं कलम ८(२) अजून शाबूत आहे, अर्जातच त्याचा हवाला देऊन जनहित काय ते सविस्तर लिहा.

कुडाळकर
ह्या सगळा बरा आसा, पण माका भीती वेगळीच. आमच्याकडे एकान रात्री व्हॉइस नोट टाकल्यान, पंपवाले इले, धावा! अर्धो गाव दांडे घेवन जेटीर. थंय होते कोण, तर गरी घेवन बसलेले दोन पोरगे. नशीब कोणी हात उचलूक नाय. धुळ्याक राईनपाड्यात २०१८ साली भिक्षा मागूक इलेल्या पाच जणांका मुला पळवणारे समजून ठार मारल्यानी, अफवा मोबाइलवरचीच. त्याच वर्षी व्हॉट्सअॅपान भारतात एकावेळी पाचच चॅटांक फॉरवर्ड करूची मर्यादा घातल्यान. व्हॉइस नोटीर धावायचा नाय, आधी फोन करून विचारायचा, येवढा तरी ठरवा.

सासर दाभोळ
मला एक कळत नाही, ज्या बायकांनी समिती काढली त्या ग्रुपमध्ये आहेत का? आमच्याकडे फोन मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात, त्यामुळे खाडीत उतरणारी घरी आणि ठरवणारा डोंबिवलीत. तिकडे हरकतींची मुदत निघून जाते. २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे वाळूसाठीचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल, म्हणजे कुठे किती वाळू काढता येईल ते सांगणारा, मसुदा असताना २१ दिवस जिल्ह्याच्या वेबसाइटवर आणि कलेक्टर कचेरीत ठेवायचा असतो. वेबसाइट रोज कोण उघडून बघतं हो? हे काम त्या मुंबईकरांना द्या, नजर ठेवा म्हणावं, आणि काय करायचं ते देवळात बसून ठरू दे.

खाडीकाठचा
धन्यवाद सगळ्यांना. फॉर्मवाल्याला विचारलं, म्हणतो डिलीट केला. पण शीट आधीच उतरवून घेतली असेल तर?

वाशिष्ठीवाला
तर काही करता येत नाही, ज्यांनी भरला त्यांना एकेकाला सांगा म्हणजे ते सावध राहतील. आधारच्या साइटवर किंवा अॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, ते करून द्या. फक्त रेशनला जायच्या आधी उघडायला सांगा, नाहीतर अंगठा लागणार नाही आणि शिव्या तुम्हाला बसतील.