पावसाळ्यात पुण्यावरचा सीओटू डेटा गायब! ढग नेमका ओळखतात कसा?

कोथरूडकर_९९:
नमस्कार मंडळी, एमएस्सीचं प्रोजेक्ट चालू आहे. ओसीओ-२ उपग्रहाचा कार्बन डायऑक्साइडचा डेटा घेतला आणि पुण्याभोवतीचा चौकोन कापून बघितला तर जून ते सप्टेंबर जवळपास कोरा, जुलैत एकही बिंदू नाही. ढगांमुळे हे मलाही कळतंय, पण काल गाईडनी विचारलं की त्याला ढग आहे हे कळतं कसं, तर मी म्हटलं "अल्गोरिदमने" आणि अख्खी लॅब हसली. दुसरं म्हणजे जानेवारीत आकाश लख्ख असताना सिंहगडाच्या बाजूचे काही बिंदू फ्लॅग झालेत (म्हणजे खराब म्हणून खूण केलीय), ते का?

गच्चीवरून:
फोटोत पांढरं दिसलं की ढग, त्यात काय एवढं 😄

पाषाण_रोड:
नाही हो, ओसीओ-२ फोटो काढतच नाही, तो नुसते वर्णपट मोजतो. खरी गंमत ऑक्सिजनची आहे. हवेत ऑक्सिजन सगळीकडे सारखाच, २०.९५ टक्के. ऊन खाली येतं, जमिनीवर आपटून वर जातं आणि वाटेत ०.७६ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश ऑक्सिजन खातो, म्हणजे किती खाल्ला त्यावरून प्रकाश किती हवेतून फिरून आला ते कळतं, आणि त्यावरून जमिनीवरचा दाब. आता आधी धरून चालायचं की ढग नाहीच, दाब काढायचा आणि हवामान मॉडेलच्या दाबाशी ताडून बघायचा. पुणे ५६० मीटरवर, दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल. पण प्रकाश ५ किलोमीटरवरच्या ढगावरूनच परत फिरला तर उत्तर येतं साडेपाचशेच्या आसपास. फरक २५ च्या वर गेला की बिंदू बाद, जुलैत तर विचारायलाच नको.

कोथरूडकर_९९:
वा, हे गाईडना सांगतो! पण मग ढग अगदी खाली असला तर? २५ हेक्टोपास्कल म्हणजे सव्वादोनशे मीटर वगैरेच ना?

पाषाण_रोड:
बरोबर पकडलंत, तिथेच ही चाचणी फसते. म्हणून दुसरी लावतात. सीओटू १.६१ आणि २.०६ मायक्रॉन अशा दोन पट्ट्यांत मोजतात, हवा स्वच्छ असेल तर दोन्हीकडून उत्तर सारखं यायला हवं. ढग किंवा धूळ असेल तर प्रकाश दोन्हीकडे वेगवेगळा भरकटतो आणि गुणोत्तर १ पासून सरकतं. (आपल्याकडचं हिवाळी धुकं त्यातल्या त्यात बिनधोक, उपग्रह दुपारी दीडच्या सुमाराला जातो, तोवर ते विरलेलं असतं.) आणि एवढा काटेकोरपणा का, तर हवेत सीओटू ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत ४२० भाग) वर आणि आपल्याला फरक शोधायचाय १ पीपीएमचा, तिथे प्रकाशाची वाट जराशी चुकली तरी सगळं मुसळ केरात.

घाटमाथा:
सिंहगडाचं मी सांगतो. एकेका बिंदूचा ठसा साधारण १.३ बाय २.२५ किलोमीटर. त्यात अर्धा गड आणि अर्धा पायथा आला, शिवाय उपग्रहाचा नेम थोडा सरकला, तर गृहीत धरलेली उंची चुकते. गडमाथा १३०० मीटरच्या वर, पायथा त्यापेक्षा पाच-सहाशे मीटर खाली, म्हणजे दाबात पन्नासेकचा फरक ढग नसतानाच पडू शकतो. यंत्राला तो ढगच वाटणार बिचाऱ्याला. उंचीचा कॉलम काढून बघा.

आणि ऑक्टोबरचा डेटा जरा जपून वापरा. दोन ढगांच्या मधल्या फटीतला बिंदू पास होतो, पण शेजारच्या ढगाच्या कडेवरून उडालेलं ऊन त्यात मिसळलेलं असतं, आकडा बघून पत्तापण लागत नाही. जवळच्या ढगाचं अंतर मॉडिसच्या, म्हणजे दुसऱ्या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या, चित्रांवरून काढता येतं.

गच्चीवरून:
म्हणजे शेवटी फोटोच बघायचा ना! 😄

कोथरूडकर_९९:
उंचीचा कॉलम काढला, फ्लॅग झालेल्या ११ पैकी ९ बिंदू उतारावरचेच निघाले. उरलेले दोन खडकवासल्याच्या पाण्याजवळ आहेत, त्यांचं काय ते उद्या बघतो, आता मेस बंद होईल.